कॉन्टॅक्टसकट स्थलांतर

मुकुटबनसारख्या गावात कुणाचा मोबाईल नंबर कळला की त्याचं घर, सोयरेधायरे, कारखान्यातली पाळी कळायला वेळ लागत नाही. गेल्या पाच-सहा वर्षांतली ॲपची धरसोड इथून बघताना तेच डोक्यात येतं.

29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 चिनी ॲपवर बंदी आली. टिकटॉकची जागा घ्यायला ‘मित्रों’ आणि ‘चिंगारी’ होतेच. दोन्हींत जवळपास सारखीच खोट निघाली: वापरकर्त्याचा आयडी हाती लागला की पासवर्डवाचून त्याच्या खात्यात शिरता येई. चिंगारीने ती लगेच दुरुस्त केली. पण देशी की परदेशी, यापलीकडे तेव्हा विचारतो कोण!

जानेवारी 2021 मधली पळापळ आणखी गमतीची. व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणाला घाबरून काही जण सिग्नलवर गेले, काही टेलिग्रामवर. व्हॉट्सॲपचा मजकूर पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येत नाही; टेलिग्रामवर ही सोय फक्त ‘सिक्रेट चॅट’मध्ये. नेहमीच्या गप्पा कंपनीच्या सर्व्हरवर, किल्लीही कंपनीकडेच. म्हणजे खाजगीपणासाठी घर सोडलं आणि बिनकडीच्या खोलीत राहायला गेलो. व्हॉट्सॲपची बाजू मात्र मी घेत नाही. त्याच धोरणापायी नोव्हेंबर 2024 मध्ये स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या मूळ कंपनीला, मेटाला, 213 कोटींचा दंड लावला.

फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रीय मंत्री ट्विटरसारख्या देशी ‘कू’वर आले. त्याच आठवड्यात एका फ्रेंच सुरक्षा संशोधकाने कूमधून लोकांचे ईमेल, जन्मतारखा, वैवाहिक स्थिती बाहेर दिसत असल्याचं दाखवलं. लोकांनीच ती माहिती प्रोफाइलवर टाकली होती, असं कंपनीचं उत्तर. 2025 च्या सप्टेंबरात ‘अरट्टै’ या देशी मेसेजिंग ॲपची लाट आली, तेव्हा तिथे कॉल कुलूपबंद होते, लिहिलेले निरोप नव्हते. ती सोय नोव्हेंबरपासून येऊ लागली.

या प्रत्येक वेळी ॲपने कॉन्टॅक्टची परवानगी मागितली की बहुतेकांनी ‘अलाऊ’ दाबलं. मोठी चूक तीच, असं मला वाटतं. मेसेज आपले असतात. नंबर मात्र वणीच्या डॉक्टरचा, आदिलाबादच्या मामाचा, बचतगटातल्या बायांचा. त्यांना विचारलं कुणी? ॲप काढून टाकलं तरी खातं आणि ते नंबर तिथून आपोआप पुसले जातील, याची खात्री नाही.

विदा संरक्षण कायदा 2023 चा. नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये. माहिती पुसून मागण्याचा हक्क प्रत्यक्ष लागू व्हायला मे 2027 उजाडेल. कू जुलै 2024 मध्येच बंद पडलं.