लगद्यात हात बुडाल्यावर

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा आपल्या शाळांचा जुना, आवडता विषय. प्रदर्शनाच्या दिवशी बाटल्यांच्या फुलदाण्या, आइस्क्रीमच्या काड्यांची घरे, लग्नपत्रिकांचे आकाशकंदील टेबलांवर मांडले जातात. पालक कौतुक करतात, पाहुणे बक्षिसे वाटतात. चार दिवसांनी हे सारे ‘टिकाऊ’ कचऱ्याच्या डब्यात जाते. जो पुठ्ठा रद्दीवाल्याने आनंदाने घेतला असता, त्याला आता डिंक, रंग आणि चमकी चिकटलेली असते. तो त्याच्याही कामाचा राहत नाही. आयुष्यभर बँकेत जमाखर्च तपासल्यामुळे असेल, पण मला हा व्यवहार तोट्याचा वाटतो.

म्हणूनच गेल्या वर्षी पुण्यात आमच्या भागातल्या एका शाळेने सहावीच्या मुलांना कागद करायला बसवले, तेव्हा मी हौसेने मदतीला गेलो. जुन्या वह्यांची पाने फाडून रात्रभर बादलीत भिजवली होती. सकाळी मिक्सरमधून त्यांचा लगदा केला, टबातल्या पाण्यात सोडला. लाकडी चौकटीला डासांची जाळी ठोकलेली. ती टबात बुडवून आडवी वर उचलायची, पाणी निथळू द्यायचे, ओला थर सुती कापडावर उलटा पाडायचा, लाटण्याने दाबायचा आणि वाळवायचा. दुसऱ्या दिवशी करडा, जाडाभरडा कागद हाती आला. त्यावर शाई फुटली. मग खळ म्हणजे काय, ती कागदाला का लागते, हे सांगावे लागले नाही; मुलांनीच विचारले.

खरा धडा मात्र त्याआधी, पाने फाडतानाच झाला होता. चकचकीत वेष्टनांची कव्हरे रात्रभर भिजूनही तशीच राहिली. कागदावर प्लास्टिकचा पापुद्रा असला की लगदा बिघडतो. पिना निघाल्या, चिकटपट्ट्या निघाल्या. निवडण्यातच निम्मी सकाळ गेली. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले. ते का, हे त्या मुलांच्या बोटांना कळले.

पुनर्वापर म्हणजे अक्षय्य पात्र नव्हे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. प्रत्येक फेरीत कागदाचे तंतू आखूड होतात. साधारण ५ ते ७ फेऱ्यांनंतर ते कागद धरू शकत नाहीत. आम्ही बँकवाले याला घसारा म्हणतो. म्हणून पाठकोरा कागद आधी लिहून संपवावा, मग रद्दीत टाकावा. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची. तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो. आपल्या खिशातली नोटसुद्धा कापसाच्याच कागदाची, हे ऐकून वर्ग चकित झाला.

पण या शहरात हा विषय ‘उपक्रम’ म्हणून न शिकता शिकलेली मुलेही होती. १९९० च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला निघाल्या, आणि मुलांबरोबर कचराकुंड्यांपर्यंत पोचल्या. त्यातूनच १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी जाऊ लागली. कोणते प्लास्टिक विकले जाते, कोणते नाही, हे त्या बायका हात लावून सांगतात. ते ज्ञान त्यांनी कुजलेल्या अन्नातून आणि फुटक्या काचांतून मिळवले आहे. आपण डबा एकत्र टाकतो तेव्हा निवडण्याचे काम टळत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या हातावर जाते.

यंदा त्या शाळेला मी एवढेच सुचवले आहे, की प्रदर्शनाला पाहुण्या म्हणून आपल्याच गल्लीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना बोलवा. त्यांना हार घालून खुर्चीवर बसवून ठेवू नका. मुलांनी आठवडाभर घरचा सुका कचरा साठवून आणावा, ताईंनी तो सर्वांसमोर निवडावा, भाव सांगावा, आणि मुलांनी वहीत उतरवून घ्यावा. वही पाठकोऱ्या कागदांची शिवलेली असली, तर उत्तमच.