मलिक अंबरची कबर

श्रोतेहो, आपल्या धुळ्याकडच्या शाळांच्या सहली चाळीसगावावरून कन्नडचा घाट चढतात आणि वेरूळला जातात. लेणी पाहून होतात, डबे सुटतात, गाडी परत फिरते. पण तेथून चार-पाच किलोमीटरांवर खुलताबाद आहे, आणि तेथे मलिक अंबरची कबर आहे. दगडी इमारत, वर घुमट. पाहायला फार वेळ लागत नाही. पण समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

अंबर जन्मला १५४८ च्या सुमारास, हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात. मूळचे नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. मोखा बंदर, मग बगदाद, असा हातोहात विकला जात तो दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले.

मुले विचारतील, गुरुजी, विकत आणलेला माणूस सरदार कसा झाला? त्याचे कारण असे. अमेरिकेत गुलाम नेले ते मुख्यतः मळ्यांत राबवायला. दख्खनच्या सुलतानांना हवे होते शिपाई. परमुलखातल्या माणसाला इथे ना भाऊबंद, ना वतन. तो धन्यालाच धरून राही. असा शिपाई पुढे मोकळा होऊन वर चढू शके. खुद्द चंगीजखानही एकेकाळी गुलामच होता.

धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. जहांगीर बादशहाच्या फौजा त्याने वर्षानुवर्षे थोपविल्या. १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविली. तेथे जमिनीखालच्या नहरीने पाणी आणले. शेतसाऱ्याची घडी बसविली. १६२६ साली तो वारला.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग गुलामगिरी काही इतकी वाईट नव्हती! तसे नव्हे. अंबर चढला तो स्वतःच्या कर्तबगारीने. बाजाराने त्याचे घर, गाव आणि नावसुद्धा काढून घेतले. आणि सत्ता हाती आल्यावर त्यानेही फौजेसाठी हबशी गुलाम विकत घेतले. ज्याने सोसले, त्याच्या हातूनही तो व्यवहार सुटला नाही. आपल्याकडे गुलामीचा कायदेशीर आधार काढला गेला तो १८४३ साली, म्हणजे त्याच्या मागे दोनशेवर वर्षांनी.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, पुढच्या सहलीत अर्धा तास खुलताबादसाठी ठेवा. अंबरचा पराक्रम मुलांना जरूर सांगा. मग विचारा, त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या इतर पोरांचे काय झाले असेल? त्यांच्या नावाचा दगड कोठेच नाही. मुलांना क्षणभर गप्प बसू द्या.