रुमाल नव्हे, गाळणी हवी

सातारा जिल्ह्यातील खडी क्रशर, सांगलीत हळद पॉलिश करण्याचे ड्रम, विट्याचे यंत्रमाग. आपल्या वस्त्यांमधले कितीतरी बंधू-भगिनी रोज या धुळीत राबतात आणि तोंडाला रुमाल किंवा पदर बांधतात. आम्ही मास्कचे विचारले की उत्तर ठरलेले: "रुमाल आहे की!"

रुमाल विणलेला असतो. उभ्या-आडव्या धाग्यांमध्ये भोके राहतात. त्यात डोळ्यांना दिसणारी धूळ अडते. पण दगडाची जी धूळ फुप्फुसात खोलवर पोचते, तिचा कण ५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या न दिसणाऱ्या धुळीतील सिलिकामुळे सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि त्याच्या रुग्णाला क्षयरोगही लवकर गाठतो.

एन-९५ मास्कच्या मधल्या थराचे कापड विणलेले नसते. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक वितळवून गरम हवेच्या झोताने त्याचे अतिशय बारीक तंतू करतात. ते पिंजलेल्या कापसासारखे एकमेकांवर पडून थर तयार होतो. त्यातून कण सरळ पार होत नाही, तंतूला आदळून चिकटतो. शिवाय तंतूंवर विजेचा भार दिलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे तंतू कण ओढतात. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात पीटर त्साय यांनी १९९० च्या दशकात असा भार देण्याची पद्धत विकसित केली. म्हणूनच श्वास न कोंडता ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडतात.

हा मास्क साबणाने धुऊ नका, त्यावर सॅनिटायझर मारू नका. मास्क दिसायला तसाच राहतो, पण भार गेल्याने गाळणी निकामी होते.

घेताना मास्कवर आयएस ९४७३ आणि एफएफपी२ अशी खूण पाहा. डोक्यामागे बांधायचे दोन पट्टे असलेला मास्क घट्ट बसतो. नाकावरची पट्टी दाबा, मास्कवर दोन्ही हात ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा निसटली तर धूळही तिथूनच आत येणार. दाढी वाढलेली असली तरी फट राहते. मास्क ओला झाला, फाटला, पट्टे सैल पडले किंवा श्वास जड जाऊ लागला, की बदला.

मास्क मात्र शेवटचा उपाय. आधी खडीवर पाणी मारणे, धूळ खेचणारे पंखे बसवणे हे मालकाचे काम. कारखान्यातील धूळ कामगाराच्या नाकात जाऊ नये, ही जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्यानेच मालकावर टाकली. एकट्याने मागायला भीती वाटते, म्हणून सर्वांनी मिळून मागा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, छातीचा एक्स-रे काढा. आणि आपण कोणत्या धुळीत, किती वर्षे काम केले, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. सिलिकोसिस आणि क्षयरोग यांची लक्षणे सारखी दिसतात. तुमचे काम कळले, तरच डॉक्टर योग्य दिशेने शोधतील.