करटुल्याची रोपं घेताय? आधी विचारा, बियांची की कंदाची

श्रावण लागला की पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून करटुली बाजारात उतरतात आणि पाटी खाली ठेवायच्या आत गिऱ्हाईक गोळा होतं. कोणी यांना कर्टोली म्हणतं, मुंबईकडे कंटोली, विदर्भात काटवल, गोव्यात फागलां. भाव बघून आता आपल्याकडे बऱ्याच जणांनी ही रानभाजी मांडवावर घ्यायचं मनावर घेतलंय. रोपं विकणारेही गावोगाव फिरायला लागलेत.

पण लावलेल्यांपैकी अनेकांची तक्रार एकच असते. वेल मांडवावर चढला, फुलंही भरपूर आली, फळ मात्र एक नाही. मग कोणी सांगतं खत कमी पडलं, कोणी सांगतं जमीन मानवली नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. तो वेल नर असतो.

दुधी, कारलं, दोडका यांच्यात एकाच वेलावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात, म्हणून आपल्याला हा प्रश्न पडत नाही. करटुल्याचं तसं नाही. गावठी पपईत जसं नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, तसाच इथे नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फळ फक्त मादीला. आणि बियांपासून केलेल्या रोपात साधारण निम्मे नर निघतात, निम्मे मादी. रोप लहान असताना पानावरून, खोडावरून काहीच ओळखता येत नाही. फूल येईपर्यंत वाट बघायची.

हिशोब करून बघा. ४० रोपं आणली तर त्यात २० च्या आसपास नर. परागासाठी ८ ते १० मादी वेलांमागे एक नर वेल पुरतो, म्हणजे गरज दोन-तीन नरांची. बाकीच्या सतरा-अठरा वेलांना बांबू, तार, पाणी, खत सगळं दिलं ते वाया. रोपाची किंमत त्यामानाने किरकोळच, खरा खर्च मांडवाचा असतो.

यावर उपाय म्हणजे मादी वेलाच्या कंदापासून लागवड. करटुल्याच्या मुळाशी कंद असतो. पावसाळा संपला की वेल वाळून जातो, पण कंद जमिनीत झोपून राहतो आणि वळवाचा पाऊस पडला की पुन्हा कोंब काढतो. मादी वेलाच्या कंदातून मादीच वेल येणार, नराच्या कंदातून नर. यात नशिबाचा भाग नाही.

अडचण एकच. कंद काढायची वेळ येते तेव्हा वेल वाळून उडून गेलेला असतो आणि कंदाच्या तोंडावर नर-मादी लिहिलेलं नसतं. म्हणून ओळख आत्ताच, फुलं-फळं असताना करायची. मादी फुलाच्या बुडाशी बारीकसं काटेरी करटुलं आधीपासून दिसतं. नर फुलाखाली असं काही नसतं, पण त्याच्या दांडीवर फुलाच्या लगेच खाली टोपीसारखं एक हिरवं पान असतं. फुलं पिवळीच दोन्हीची, लांबून फरक कळत नाही, हातात घेऊन बघावं लागतं. ज्या मादी वेलाला फळं जास्त आणि चांगल्या आकाराची लागतात, त्याच्या बुडाशी बांबूची खुंटी ठोका आणि तिला लाल रंगाचा पट्टा मारा. नराच्या खुंटीला दुसरा रंग. नुसती चिंधी बांधू नका, वेल वाळला की चिंधीही जाते.

कंद काढायची घाई नको. जमिनीतच तो सगळ्यात चांगला टिकतो. चैत्र-वैशाखात खुंटीपासून वीतभर लांबून खणायला सुरुवात करा, कुदळीचा घाव कंदाला लागता कामा नये. कंद मोठा असेल तर त्याचे दोन-तीन भाग करता येतात, पण इथे बरेच जण चुकतात. बटाट्यासारखे कुठूनही तुकडे करून चालत नाही. करटुल्याचे डोळे कंदाच्या वरच्या टोकाला, म्हणजे जिथून वेल निघालेला असतो त्या मानेपाशी असतात. म्हणून कंद आडवा कापायचा नाही, उभा चिरायचा, आणि प्रत्येक फोडीला मानेचा थोडा भाग आलाच पाहिजे. नुसता खालचा तुकडा लावला तर तो बहुतेक वेळा मातीतच कुजतो. फोड लिंबाएवढी तरी असावी. सुरी स्वच्छ पुसून घ्या, चिरलेल्या बाजूला चुलीची राख चोळा आणि एक-दोन दिवस सावलीत पसरून ठेवा, म्हणजे जखम सुकते. कंद लहान असेल तर चिरूच नका, अख्खा लावा.

लावायची वेळ मे अखेर ते मृगाचा पहिला पाऊस. मान वर ठेवून, वर तीन-चार बोटं माती येईल एवढं खोल. दोन वेलांत दोन मीटरच्या आसपास अंतर. कोंब दिसायच्या आधी पाणी भरमसाट देऊ नका. करटुल्याचा कंद पाण्यावाचून सहसा मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरतो. म्हणून काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत गादीवाफा किंवा उंच वरंबा करूनच लावा. मुरमाड, उताराची जमीन याला जास्त मानवते. रानात तो बांधाला आणि दगडगोट्यातच जास्त दिसतो, ते उगाच नाही. एकदा बसलेला कंद पुढची तीन-चार वर्षं फुटत राहतो. फक्त रानडुकराचा वावर असेल तर कुंपणाची सोय बघा.

आता बी. कंद मिळतच नसतील तर बी लावायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून. भाजीच्या करटुल्यातलं बी चालत नाही. वेलावरच पिकून केशरी झालेलं, फुटायला आलेलं फळ घ्या. आतला लाल गर धुऊन काढा आणि पाण्यावर तरंगणारं बी टाकून द्या. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. कवचही टणक असतं. पेरायच्या आधी टोकाला नेलकटरने अगदी थोडी चीर द्यावी, आतल्या दाण्याला धक्का न लावता, आणि रात्रभर पाण्यात ठेवावं. तरीसुद्धा एक बी आठ-दहा दिवसांत उगवेल, तर शेजारचं महिना घेईल. एका जागी तीन-चार बिया टाका, फूल आल्यावर एक मादी ठेवा आणि नर उपटा. बियांची लागवड करायची तर हाच शहाणपणाचा मार्ग. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने काढलेली इंदिरा कंकोड-१ ही जात आहे, तिचं बी घेतलं तरी नर-मादीचा प्रश्न तोच राहतो.

वेलाच्या फाट्यापासूनही रोप होतं. मादी वेलाचा धड कोवळा नाही आणि धड जून नाही असा, दोन-तीन पेरांचा तुकडा घ्यायचा, एक पेर मातीत दाबायचं आणि सावलीत ओल राखायची. मूळ फुटतं. पण असं रोप उशिरा केलं तर हिवाळ्यापर्यंत त्याला कंद धरत नाही, आणि कंद नाही म्हणजे पुढच्या वर्षी वेल नाही. करायचंच तर आषाढात करा. माझ्या मते घरापुरतं ठीक, मांडवासाठी कंदच.

सगळे मादी वेल लावून नर विसरणारेही आहेत, त्यांनाही फळ मिळत नाही. आपल्याकडच्या करटुल्याची फुलं बहुतेक दिवस मावळताना उमलतात आणि पराग नेण्याचं काम रात्रीचे पतंग करतात. फवारणीच्या मांडवाशेजारी पतंग कमी, फळही कमी. अशा वेळी संध्याकाळी उमललेलं नर फूल तोडून मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवायचं. एक नर फूल चार-पाच मादी फुलांना पुरतं. घरातली पोरं हे काम आपल्यापेक्षा बरं करतात. त्यानंतर साधारण पंधरवड्यात करटुलं तोडायला येतं.

मागणी वाढल्यावर एक नवीन प्रकार सुरू झालाय. फळं तोडून आणण्याऐवजी रानातले कंदच खणून विकायचे. फळ तोडलं तर पुढच्या श्रावणात वेल परत असतो. कंद गेला की त्या जागेचा वेल कायमचा गेला, आणि डोंगरच्या ज्या बाया दरवर्षी करटुली विकून पोरांच्या वह्या-पुस्तकांचं भागवतात त्यांचं ते उत्पन्नही गेलं. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजात कंदमुळंही धरलेली आहेत, पण तो हक्क तिथे राहणाऱ्या लोकांचा आहे, बाहेरून टेम्पो घेऊन येणाऱ्याचा नाही. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत, त्यांच्या ग्रामसभेला यावर नियम करता येतो. तसं पाहिलं तर फार कंद लागतही नाहीत. आपल्याच बांधावरचे चार-पाच चांगले मादी वेल आणि एखादा नर धरला, दर दोन-तीन वर्षांनी कंद चिरून वाढवले, तर काही वर्षांत मांडव भरतो. त्यासाठी बांधावर तणनाशक मारणं तेवढं थांबवावं लागेल.

तरीही विकत घ्यायची वेळ आलीच तर विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. रोप बियांचं आहे की कंदाचं, आणि कंदाचं असेल तर मादी वेल फळावर असताना खूण केली होती का. ‘सगळी मादीच आहेत’ असं बियांच्या रोपाबद्दल कोणी सांगत असेल तर पुढचा भाव विचारूच नका. कंदाची असतील तर नर किती, मादी किती हे पावतीवर लिहून घ्या आणि नराची पिशवी वेगळी बांधून मागा.