विचारलं तरच सांगायचं

नोव्हेंबर 2014 ते ऑगस्ट 2015 या काळात मुंबई आणि पाटण्याच्या खासगी दवाखान्यांत काही माणसं खोकत आली, फी भरून, औषधं लिहून घेऊन गेली. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. संशोधकांनी तयार करून पाठवलेले ते 24 नकली रुग्ण होते. सुमारे 1,200 दवाखान्यांतल्या 2,600 भेटींपैकी जेमतेम 37 टक्के भेटींत क्षयाच्या संशयाची योग्य दखल घेतली गेली. 2018 मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ने हा अभ्यास छापला. त्यात चार रुग्णांच्या संहिता होत्या. मला चौथी सर्वांत मोलाची वाटते. या रुग्णाने पूर्वी क्षयाचे उपचार अर्धवट सोडलेत, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची शंका यायला हवी. पण हे त्याने आपणहून बोलायचं नाही. विचारलं तरच सांगायचं.

संहितेचा सगळा कस या सूचनेत आहे.

लॉस एंजेलिसमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये एका मॉडेलला रुग्ण बनवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं, तिथून ही पद्धत सुरू झाली. आपल्याकडे 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णसंवाद रीतसर आला; तो शिकवायलाही असे नकली रुग्ण वापरता येतात. पण इंग्रजी पुस्तकातून उतरवलेला रुग्ण आपली लक्षणं क्रमवार, तारीखवार सांगतो. असा रुग्ण आमच्या वसईत भेटणार नाही. इथे वाड्यांमध्ये कादोडी आणि वाडवळी, किनाऱ्यावर कोळी, पूर्वेच्या पाड्यांवर वारली, नालासोपाऱ्याच्या चाळींत भोजपुरी. संहिता इथल्या माणसांत बसून, त्यांचं बोलणं ऐकून लिहावी लागेल.

नमुन्यादाखल मी रचलेली एक बाई पाहा. भुईगावची, 45 वर्षांची, पहाटेच्या लोकलने दादरला फुलं विकायला जाणारी. सोबत लेक. पहिलं वाक्य: ‘खोकला जाईना, डॉक्टर. एक इंजेक्शन द्या, मला उद्या गाडी पकडायचीय.’ ‘ताप येतो का?’ असं विचारलं तर ‘नाही’. ‘संध्याकाळी कसर वाटते का?’ असं विचारलं तर ‘हो, अंग मोडून येतं’. ‘आधी क्षयाची औषधं घेतली होती?’ लेक समोर असेल तर साफ नकार, कारण तिचं लग्न ठरतंय. लेकीला बाहेर बसवलं तर: ‘दोन महिने घेतली. बरं वाटलं, सोडली.’ औषधाचं नाव तिला येत नाही. लघवी लाल व्हायची, एवढं आठवतं. रिफाम्पिसिनने तसं होतं, हे विद्यार्थ्याने ओळखायचं.

गोळ्या का सोडल्या, हेही लिहून ठेवायला हवं: रिकाम्या पोटी मळमळायचं आणि गर्दीच्या डब्यात उलटीची भीती. या बाईची भूमिका करणाऱ्या नटीला कारण ठाऊक नसेल तर ‘का सोडल्या?’ या प्रश्नावर ती मनाला येईल ते बोलेल, आणि पुढच्या विद्यार्थ्यापुढे वेगळीच बाई उभी राहील. पहिल्याला मिळालेला नकार तिसाव्यालाही त्याच प्रश्नावर मिळाला पाहिजे. रडणं कुठे, गप्प राहणं कुठे, तेसुद्धा ठरलेलं हवं.

प्रसंग संपल्यावर परीक्षकाआधी नटीला बोलू द्यावं. ‘लेकीसमोर विचारलंत, म्हणून मी खोटं बोलले,’ हे विद्यार्थ्याला तिच्याच तोंडून कळू द्यावं.