गॅसबत्तीचे पुनरुज्जीवन

भायखळ्याच्या चाळीत कुणाच्या पोटमाळ्यावरून वरातीत मिरवलेली पितळी गॅसबत्ती निघाली, की ती आधी चिंचेने घासली जाते. आम्ही म्हणतो, श्रोतेहो, चकाकी मागाहून. आधी पंप पाहा. दट्ट्याच्या टोकाला वाटीसारखा चामड्याचा वॉशर असतो. तो वर्षानुवर्षे कोरडा राहून आक्रसतो. मग कितीही हात मारा, टाकीत हवा साठत नाही, आणि दोष बिचाऱ्या बर्नरला! वॉशर रात्रभर तेलात भिजवला, की बहुधा काम भागते.

मग थोडी हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा दिसल्यास काडी मुळीच ओढू नये. दाबाखालचे रॉकेल फवारले तर भडका उडतो.

बत्तीत जळते ती रॉकेलची वाफ. म्हणून आधी स्पिरिटने नळी तापवायची. वाफेच्या निळ्या ज्योतीला उजेड बेताचाच. उजेड देते ती जाळी. व्हिएन्नाच्या कार्ल आउअरने १८८५ साली तिचे पेटंट घेतले, आणि १८९१ मध्ये तिच्यात ९९ भाग थोरियम व १ भाग सेरियम आले. थोरियम किरणोत्सारी आहे. तेव्हा जुन्या जाळीची राख फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. आणि बत्ती लावताना खिडकी उघडी असू द्यावी.