वास्तू पाहायला शिकवणारे माधव आचवल

नाटक पाहून आलेला माणूस ते कसे वठले हे पारावर बसून सांगतो. कीर्तन रंगले की नाही, यावरही गावात वाद झडतो. इमारतीविषयी मात्र आपण दोनच प्रश्न विचारतो : खर्च किती आला आणि टिकेल किती? ज्या वास्तूत सारा जन्म जातो, तिच्याविषयी बोलायला आपल्यापाशी शब्दच नसतात.

हे शब्द मराठीला देणाऱ्यांत माधव आचवल यांचे नाव अगत्याने घ्यावे लागते. १९२६ साली जन्मलेले आचवल वास्तुशिल्पज्ञ होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी वास्तुकला शिकवली. एकांकिका लिहिल्या, साहित्यसमीक्षाही केली. वास्तुकलेच्या आस्वादावरचे त्यांचे 'किमया' हे पुस्तक १९६१ साली निघाले. १९८० साली ते निवर्तले. पण त्यांचे बोल थांबले नाहीत. रंगकर्मी अतुल पेठे यांनी 'किमये'चे अभिवाचन श्रोत्यांपुढे आणले.

टीकाकार म्हणजे दोष काढणारा, अशी आपली समजूत असते. वास्तूचा टीकाकार आधी पाहायला शिकवतो. पायलीचे मोल तिच्या पोकळीत. धान्य मावते ते तिथेच. घराचेही तसेच. भिंती बांधायच्या त्या आतल्या जागेसाठी.

रांजणगावच्या महागणपतीचे उदाहरण घ्या. देऊळ पूर्वाभिमुख. गर्दी नसेल अशा वेळी जा. अंगणात लख्ख ऊन, पुढे सभामंडपाची सावली, मग गाभाऱ्यातला मंद उजेड. पायरीपायरीने डोळे निवतात, आवाज आपसूक खाली येतो. तिथे 'हळू बोला' अशी पाटी लावावी लागत नाही. ते काम वास्तूच करते.

हे कळले नाही तर काय होते? गावोगाव जीर्णोद्धार निघतो. वर्गणी जमते, हेतूही चांगला असतो. पण जुन्या दगडाला तेलरंग फासला की आतली ओल कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. गाभाऱ्यात झगझगीत दिवे आले की तो मंद उजेड जातो. पैसा आपलाच जातो आणि पूर्वजांचे देणेही आपल्याच हातून जाते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एवढे करावे : मुलांना गावातल्या जुन्या वाड्यात, देवळात न्यावे आणि विचारावे, इथे उजेड कुठून येतो? गारवा का वाटतो? आज उत्तर शोधणारी मुलेच उद्या देवळाच्या पंचांत बसतील. हातोडा उचलण्याआधी ती क्षणभर थांबली, तरी पुष्कळ झाले.